काळ्या मातीवरचं लॉन

घर बांधून झालं तेव्हा समोर वीस फूट बाय पंधरा फूट जागा उरली. यांचं म्हणणं, तिथं पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ, पुढंमागं कार घेतलीच तर उभी करता येईल. मी म्हटलं, लॉन करायचं. हे तेव्हा उमरीला बँकेत होते. शनिवारी संध्याकाळी लातूरला यायचे आणि सोमवारी पहाटे जायचे. आठवड्यातला दीड दिवस घरी असणाऱ्या माणसानं अंगणावरून फार भांडू नये असं मला वाटायचं. बहुतेक त्यांनाही ते पटलं असावं, कारण त्यांनी दोनदा विचारलं आणि तिसऱ्यांदा विचारलं नाही.

आमची कॉलनी गावाच्या कडेला. दहा वर्षांपूर्वी तिथं तूर आणि सोयाबीन व्हायचं. घरं उठली तरी माती तीच राहिली, काळी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी आणि पावसाळ्यात चप्पल ओढून घेणारी. मी चाकूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिथल्या मोठ्या बाईंना लॉनचं सांगितलं तर त्या डबा खाता खाता थांबल्या. म्हणाल्या, "लातुरात? लॉन? अहो, प्यायला पाणी येतं का तुमच्याकडं?"

आठ-दहा दिवसांनी येतं, असं मी सांगितलं. त्या हसल्या. मीही हसले. पण खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, यांनाही नीटसं सांगितलं नव्हतं.

माझे बाबा नांदेडला एका सरकारी विश्रामगृहात माळी होते. आधी कितीतरी वर्षं रोजंदारीवर, मग कायम. विश्रामगृहासमोर मोठं लॉन होतं आणि ते सगळं बाबांच्या हातचं होतं. नांदेडच्या उन्हात, मे महिन्यात, रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना ते लॉन हिरवंगार असायचं. आई मला डबा घेऊन पाठवायची. मी कुंपणाच्या मागच्या फाटकातून आत जायची, डबा माळ्यांच्या खोलीत ठेवायची आणि आल्या वाटेनं परत यायची. लॉनकडे बघायचं, पाय ठेवायचा नाही, असं ठरलेलं.

मी तिसरीत असेन. एके दिवशी दुपारी तिथं कोणीच नव्हतं. खानसामा झोपला होता, व्हरांडा रिकामा होता. मी चपला काढल्या आणि लॉनवर गेले. पायाखाली गार लागलं. मी बसले, मग आडवी झाले. किती वेळ कोण जाणे. एकदम कोणीतरी दंड धरून मला उभं केलं आणि कानाखाली वाजवली. बघते तर बाबा. त्यांनी तोपर्यंत मला कधी हात लावला नव्हता आणि नंतरही कधी लावला नाही. मला फाटकाबाहेर सोडलं आणि मागं जाऊन मी झोपले होते तिथलं दबलेलं गवत बोटांनी उभं करत बसले. ते मी कुंपणातून पाहिलं.

तर ते असं होतं. आई गेल्यावर बाबा नांदेडच्या दोन खोल्यांत एकटे राहिले. त्यांना इकडे आणायचं मी ठरवलं, तेव्हाच लॉनचंही ठरलं. संध्याकाळी ते लॉनवर खुर्ची टाकून बसलेत, हातात चहाचा कप आहे, पायांत चप्पल नाही, असं चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

नर्सरीवाल्यानं जानेवारीत काम केलं. बांधकामातून उरलेला मुरूम पसरवला, वर बोटभर लाल माती टाकली आणि गवताच्या तयार चौकोनी गाद्या आणून शेजारी शेजारी मांडल्या. संध्याकाळपर्यंत लॉन तयार. "मेक्सिकन आहे मॅडम," तो म्हणाला, "दोन टाइम पाणी द्या, बाकी काही बघायला नको."

महिनाभर खरंच काही बघावं लागलं नाही. मग फेब्रुवारी संपता संपता एका कोपऱ्यात रुपयाएवढा पिवळा डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो बशीएवढा झाला. तिथून माझं चित्त उडालं. पहाटे पाचला उठून पाइप लावायचा, शाळेतून आल्या आल्या पर्स खांद्यावर असतानाच परत पाइप लावायचा. वर्गात मुलं पाढे म्हणत असायची आणि मला वाटायचं, आत्ता तिथं ऊन पडलं असेल. मी हिरवी जाळी आणून बांधली, ती वाऱ्यानं फाटली. खत टाकलं, तर कडा जळल्या. बोअरचं पाणी खारट. जिथं पाणी वाळायचं तिथं मिठासारखा पांढरा थर यायचा, तो मी सकाळी झाडूनं झाडायची. यांना उमरीला फोन करून मी डागांची मापं सांगायची. ते म्हणायचे, "अगं, गवत आहे ते. एवढं काय?" मी फोन ठेवून द्यायची.

बाबा चैत्रात आले. एक पिशवी, आईचा फोटो आणि टॉवेलात गुंडाळलेलं खुरपं. दारात उभं राहून त्यांनी लॉनकडे एक नजर टाकली आणि आत गेले. दोन दिवस लॉनचा विषयच काढला नाही. मला तर झोप लागेना. शेवटी तिसऱ्या दिवशी सकाळी मीच विचारलं, "बाबा, कसं वाटलं लॉन?"

ते उठले, बाहेर आले, उकिडवे बसले. एका चौकोनाची कड दोन बोटांनी धरली आणि चटई उचलावी तसा तो अख्खा चौकोन उचलला.

"याला मूळच न्हाई, माय," ते म्हणाले. "खाली मुरूम, वर बोटभर माती. मूळ जाऊन जाऊन जाईल कुठं? तू कितीबी पाणी घाल, ते वरच्यावर तापतंय आणि गवताला शिजवतंय."

"मग आता?"

"आता काय. काढायचं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून पदराएवढ्या त्या चौकोनाची घडी केली.

दोन आठवडे काम चाललं. मुरूम काढला. मूळची काळी माती वर आली. तिच्यात त्यांनी वाळू आणि जुनं शेणखत मिसळायला लावलं. काळी माती एकटी ठेवली तर उन्हाळ्यात फाटते आणि मुळं तोडते, असं त्यांनी सांगितलं. पाणी साचू नये म्हणून रस्त्याच्या बाजूला उतार काढला. सत्तरीच्या पुढचा माणूस, मी शाळेतून येईपर्यंत काय काय करून ठेवायचा. आणि एक दिवस ते पोतंभर गवत घेऊन आले. कॉलनीच्या मागं शेताचा बांध होता, तिथून उपटून आणलेली हरळी.

ते हरळीचे तुकडे ओळीनं टोचत होते तेव्हा समोरच्या घरातले आबा फाटकाशी येऊन उभे राहिले. आबा शिरूर अनंतपाळकडचे शेतकरी. मुलगा इथं नोकरीला, म्हणून वर्षातले आठ महिने लातुरात. धोतर, टोपी, दुपारभर ओट्यावर.

"ओ पाव्हणं, हे काय लावून राहिलात?"

"हरळी," बाबा म्हणाले.

"हरळी?" आबांनी फाटकाचा गज धरला. "अवं, आमची तीन पिढ्यांची कंबर गेली ही उपटण्यात! नांगरून मरत न्हाई, जाळून मरत न्हाई. आणि तुमी हातानं लावून राहिले?"

"म्हणून तर लावतोय," बाबा म्हणाले. "न मरणारंच पायजे इथं."

आबा आत आले. बाबांच्या शेजारी उकिडवे बसले आणि एक काडी हातात घेऊन तिच्याकडे दुष्मनाकडे बघावं तसं बघत राहिले. मग म्हणाले, "जरा खोल टोचा. ही वरवर लागत न्हाई." तेव्हापासून ते रोज यायला लागले.

पावसाळ्यात हरळीनं हातपाय पसरले. श्रावणात लॉन दिसायला लागलं. मेक्सिकनसारखं मऊ नाही, जरा राठ, पण सगळीकडे सारखं हिरवं. मी वेताच्या दोन खुर्च्या आणल्या. पहिल्या संध्याकाळी चहा केला, बाबांना खुर्चीवर बसवलं. त्यांनी दोन घोट घेतले आणि कप खाली ठेवून उठले. कोपऱ्यात लव्हाळा आला होता. तो खुरप्यानं काढला. परत बसले. परत उठले. चहा गार झाला.

"बसा ना जरा बाबा."

"बसलो की."

ते बसायचेच नाहीत. सकाळी सहा वाजता आंघोळ करून तयार, आणि मग दिवसभर काय? टीव्ही लावून दिला तर उभ्यानं बघायचे. लॉनला रोज रोज काम नसतं. त्यांच्या येरझाऱ्यांचा आवाज माझ्या डोक्यात बसला होता. दाराशी जायचे, फाटकाशी जायचे, परत यायचे. मी वहीत मुलांच्या बेरजा तपासत असायची आणि पावलं मोजत असायची. विचारलं की एकच, "करमत न्हाई, माय."

दिवाळीनंतर त्यांचं येरझाऱ्या घालणं थांबलं. चेहरा जरा उजळला. मी शाळेतून आले की ते नुकतेच हातपाय धुऊन बसलेले असायचे. मला बरं वाटलं. वाटलं, रुळले.

एका शनिवारी आमची सकाळची शाळा होती. मी बाराच्या आत कॉलनीत पोचले. नेहमीच्या रस्त्यावर खडी टाकली होती म्हणून स्कूटी मागच्या गल्लीतून घेतली. तिथं एका डॉक्टरांचा बंगला आहे. मोठं लॉन, कडेनं शोभेची झाडं. त्या लॉनवर बाबा बसले होते. उकिडवे, डोक्याला टॉवेल, हातात खुरपं. वर गॅलरीत डॉक्टरांच्या बायको उभ्या होत्या.

"माळीमामा, त्या नळाजवळचं पण काढा बरं का."

"हाव मॅडम," बाबा म्हणाले.

मी थांबले नाही. हे मला आजही लिहावंसं वाटत नाही, पण थांबले नाही. गाडीचा वेग वाढवला आणि वळण घेतलं, जणू तो माणूस माझा कोणी नव्हता. घरी येऊन दार उघडलं, पाणी प्यायले, परत दार उघडलं, परत लावलं. काय करावं सुचेना. स्वयंपाकाला लागले तर मिठाचा डबा सापडेना, समोरच होता.

एक वाजता बाबा आले. हातपाय धुतले. मी म्हटलं, "कुठं गेला होता?"

ते काही लपवणारे नव्हते. "डॉक्टरकडं. आणि त्या कोपऱ्यावरच्या इंजिनियरकडं. दोन महिने झाले की."

"दोन महिने? बाबा, लोक काय म्हणतील? मी इथं शिक्षिका आहे, माझा बाप लोकांच्या घरी—"

"कामून? चोरी करतोय का मी?"

"तसं नाही हो. पण तुम्ही सगळं आयुष्य तेच केलं ना? मी शिकले ती कशासाठी? तुम्हाला परत कोणी 'हे काढा, ते काढा' म्हणू नये म्हणून ना?"

बाबा टॉवेलनं हात पुसत राहिले. वाळलेले हात ते बराच वेळ पुसत होते.

"एक दिवस ती बाई फाटकाशी आली," ते म्हणाले. "मी आपल्या लॉनवर बसलेलो. तिला वाटलं, मी इथला माळी. म्हणली, आमच्याकडं येता का मामा. मी म्हणलो असतो, मी हिचा बाप हाय. पण माय, खरं सांगू? कोणीतरी बोलावलं याचंच बरं वाटलं."

"आणि पैसे घेता?"

"घेतो. फुकट केलं तर लोक झाडाची किंमत करत न्हाईत."

मग माझ्या तोंडून ते निघून गेलं. तीस-पस्तीस वर्षं जे आत ठेवलं होतं ते असं भांडणात, जेवणाची ताटं वाढलेली असताना निघेल असं वाटलं नव्हतं.

"तुम्ही मला मारलं होतं त्या लॉनवरून. आठवतं? मी झोपले होते म्हणून. मी हे लॉन तुम्हाला बसायला केलं, बाबा. आणि तुम्ही इथं बसत नाही आणि दुसऱ्यांच्या लॉनवर जाऊन खुरपं चालवता."

त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. मला वाटलं, आठवत नसेल. मग म्हणाले, "तू पिवळा झगा घातलेला."

मी हातातली पळी खाली ठेवली.

"साहेबाची गाडी फाटकाशी आली होती. तुला दिसली न्हाई. त्यानं तुला तिथं पाहिली असती तर माझं काम गेलं असतं. मी रोजंदारीवर हुतो तवा. त्यानं काय बोलायच्या आत मी मारलं, म्हणजे तो काय बोलणार न्हाई." त्यांनी ताट पुढं ओढलं, परत सरकवलं. "घरी येऊन मी जेवलो न्हाई. तुझ्या मायला समदं ठावं हुतं. ती असती तर सांगितली असती."

त्या दिवशी आम्ही दोघंही नीट जेवलो नाही. पण त्यांचं काम बंद झालं नाही. मीही परत विषय काढला नाही. फक्त मी मागच्या गल्लीतून गाडी घालायला लागले, रोज, मुद्दाम. पुढच्या शनिवारी हॉर्न वाजवला आणि मोठ्यानं म्हटलं, "बाबा, जेवायला या." वर गॅलरीत डॉक्टरांच्या बायको होत्या. त्या माझ्याकडे आणि बाबांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाबांना चहा कपात दिला. त्याआधी कशात देत होत्या ते मी विचारलं नाही.

आधीच्या पावसाळ्यात पाऊस नीट झालाच नव्हता, ते उन्हाळ्यात कळलं. मार्च उजाडला आणि बोअरला हवा यायला लागली. मोटर घुर्र घुर्र करायची, पाइपातून थुंकल्यासारखं पाणी यायचं, मग तेही थांबलं. नळ बारा-पंधरा दिवसांनी. कॉलनीच्या पलीकडे वस्ती आहे, तिथं टँकर यायचा आणि बायका सकाळपासून घागरी ओळीत लावून बसायच्या.

बाबांनी आमच्या लॉनचं पाणी त्याच दिवशी बंद केलं.

"मरेल ना ते," मी म्हटलं.

"हरळी हाय. वरून वाळंल, खालून जित्ती राहील. तिला निजू दे."

आठ दिवसांत लॉन गव्हाच्या काडासारखं झालं. वरून चाललं की कुरकुर वाजायचं. मग भेगा पडल्या, आधी कडेनं, मग मधोमध. मला ते बघवत नव्हतं. खरं तर मी ते सारखं बघतच होते. शाळेतून आले की आधी भेगा. कालच्यापेक्षा किती रुंद झाली, पेन्सिल जाते का, बोट जातं का. एकदा तांदूळ धुतलेलं पाणी नेऊन ओतलं, दुसऱ्या दिवशी कपड्यांचं. भेगेनं ते गिळलं आणि वर ओलसुद्धा राहिली नाही. बाबांनी मला बादली घेऊन उभं पाहिलं.

"हे पाणी संडासात टाक," ते म्हणाले. "तिथं लागतंय. अर्धवट पाणी दिलं की मूळ वर येतं आणि जळतं. तू त्याला निजू देत न्हाईस आणि स्वतःबी निजत न्हाईस."

एप्रिलमधल्या एका सकाळी मी त्यांना बोलवायला डॉक्टरांकडे गेले. यांचा उमरीहून फोन आला होता, त्यांना बाबांशी काही बोलायचं होतं. डॉक्टरांच्या दारात टँकर उभा होता. त्यांनी स्वतःसाठी मागवलेला. अंगणातला हौद भरून झाला होता आणि उरलेलं पाणी टँकरवाला लॉनच्या पाइपाला जोडून देत होता. पाइप बाबांच्या हातात होता. फाटकाबाहेर वस्तीतल्या पाच-सहा बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी त्यांच्याकडचा टँकर आला नव्हता, हा दिसला म्हणून त्याच्या मागं आल्या होत्या. त्या काही मागत नव्हत्या. नुसत्या उभ्या होत्या.

डॉक्टरांच्या बायको गॅलरीतून म्हणाल्या, "मामा, सोडा पाणी. कडेनं आधी."

बाबांनी पाइपाकडे पाहिलं. मग तो गवतावर नीट गोल करून ठेवला आणि उभे राहिले. उठायला त्यांना गुडघ्यावर हात टेकावा लागला.

"मॅडम, हे पाणी गवताला न्हाई घालणार मी."

"का? काय झालं?"

"बाया उभ्या हायत."

"अहो मामा, ते पाणी आम्ही विकत घेतलंय. त्यांचं नगरपालिका बघेल."

"हाव. पाणी तुमचंच हाय. तुमी कोणाकडूनबी घाला. मी घालणार न्हाई."

त्या रागावल्या. राग येणारच. त्यांच्या दारात, लोकांसमोर. "मग उद्यापासून येऊ नका."

"न्हाई येत," बाबा म्हणाले, आणि खुरपं उचलून माझ्याकडे आले. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. टँकरवाला पाइप सोडवत एकदा वर गॅलरीकडे, एकदा बायकांकडे बघत होता. आम्ही वळलो तेव्हा मागून डॉक्टरांचाच आवाज आला. ते घरातून बाहेर आले असावेत. "द्या हो त्यांना, द्या. काय उरलंय ते." घागरी फाटकाला लागल्याचा आवाज झाला. मी मागं वळून बघितलं. बाबांनी बघितलं नाही.

घराजवळ आल्यावर ते थांबले. सावली नव्हती, तरी थांबले. "एका वर्षी नांदेडला असंच हुतं. मोठा साहेब येणार होता. हुकूम आला, लॉन हिरवं दिसलं पायजे. मी आठ दिवस पाणी सोडलं. तुझी माय कुंपणाबाहेर घागर घेऊन उभी होती. तू कडेवर. मी एक घागर देऊ शकलो न्हाई. खानसामा बघत होता, चौकीदार बघत होता. ती उभी राहिली आणि गेली. कधी बोलली न्हाई त्यावर. आपलं जेवण वाढायची, बोलायची न्हाई."

मला ते आठवत नव्हतं. मी कडेवर होते. मी त्यांचा हात धरायला गेले तर त्यांनी खुरपं दुसऱ्या हातात घेतलं आणि चालायला लागले. यांना फोन लावायचा राहून गेला.

जूनच्या शेवटी पाऊस आला. बऱ्यापैकी आला. हरळी उठली, पण सगळी नाही. रस्त्याच्या बाजूचा पट्टा तसाच राहिला, टकलासारखा. तिथं खणलं तर हुमणी निघाली, पांढऱ्या गोल अळ्या, मुळं खाऊन गुबगुबीत झालेल्या. बाबांनी त्या वेचून आबांच्या कोंबड्यांना टाकल्या आणि टकलावर नव्या काड्या टोचल्या. डॉक्टरांचं लॉन पूर्ण गेलं होतं. त्यांनी तिथं हिरवा प्लॅस्टिकचा गालिचा अंथरून घेतला. बाबा एकदा मुद्दाम बघून आले.

"कसं आहे?" मी विचारलं.

"चांगलं हाय. त्याला तहान न्हाई, किडा न्हाई. उन्हात पाय ठेवू नको मात्र, भाजतंय."

दिवाळी झाली आणि ते म्हणाले, मला नांदेडला जाऊ दे. मी भांडले. यांनीही सांगून पाहिलं, "मामा, तिकडं कोण आहे आता?" त्यांचं उत्तर साधं होतं. तिथं त्यांच्या ओळखीची माणसं होती, गोदावरीवर चालायला जाता येत होतं, आणि कोणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. "तुझं घर चांगलं हाय, माय. पण मी दिवसभर इथं तुझी वाट बघतो आणि तू आलीस की गवताकडं बघतीस."

मी त्यांना बसनं सोडून आले. दोन खोल्या झाडून दिल्या, गॅस लावून दिला, आईचा फोटो परत त्याच खिळ्यावर गेला. परतीच्या बसमध्ये अहमदपूर येईपर्यंत मी जागा तीनदा बदलली.

आता लॉन मी बघते. कापायचं मशीन घेतलं, पहिल्यांदा चालवलं तर पायऱ्या पायऱ्यांसारखं कापलं गेलं. पाणी किती, कधी, हे अजून हातात बसलेलं नाही. परवा नव्या ओळीत तांबूस कडा दिसल्या. करपा असेल, खत जास्त झालं असेल, काही कळेना. शाळेत निघायला उशीर होत होता, तरी मी गाडी स्टँडवर लावून परत आत आले आणि बाबांना फोन लावला. बऱ्याच रिंगा झाल्यावर त्यांनी उचलला. मागं माणसांचा गलका होता.

"जयभीम बाबा. कुठं आहात?"

"विहारात. पुढची जागा नुसती धूळ हुती, लेकरं बसतेत, म्हणलं जरा हरळी लावू. मंडळी हायत चार-पाच, कोणाला धड खणता येत न्हाई."

"बाबा, आपल्या लॉनच्या कडा तांबड्या झाल्यात. खत जास्त झालं का—"

"सांजच्याला कर फोन. हाताला चिखल हाय," ते म्हणाले, आणि कोणाला तरी ओरडले, "अय, तिथं न्हाई, इकडं उतार काढ!" फोन तसाच चालू राहिला. मी फाटकाशी उभी राहून बराच वेळ तो ऐकत होते, फावड्यांचा आवाज, कोणाचं तरी हसणं, त्यांचं मधूनमधून ओरडणं. मग शाळेची वेळ टळून गेलीय हे लक्षात आलं आणि मी गाडी काढली.